पोर्ट आर्थरची 'हातात हात घालून उडी मारणारी' मुलं: खरी की दंतकथा?

प्रश्न: भटकी_अनघा

नुकतीच टास्मानियाला जाऊन आले. तिथल्या पोर्ट आर्थरला, म्हणजे ब्रिटिशांच्या जुन्या कैदी वसाहतीत, बोटीतून खाडीत फिरवतात तेव्हा एका बाजूला दफनभूमीचं छोटं बेट दिसतं आणि त्याच्याजवळच पॉइंट प्युअर नावाचं भूशिर. तिथे ब्रिटनमधून आणलेल्या मुलग्यांचा वेगळा तुरुंग होता. बोटीत शेजारी बसलेल्या बाईंनी सांगितलं, की छळ असह्य होऊन तिथल्या दोन लहान मुलांनी हातात हात घालून कड्यावरून उडी मारली. तेव्हापासून ते डोक्यातून जात नाहीये. हे खरंच घडलं होतं का? आणि रुमाल, पाव चोरला म्हणून एवढ्या लहान पोरांना खरंच जगाच्या दुसऱ्या टोकाला पाठवत होते, की तेही वाढवून सांगतात?

उत्तर: होबार्टकर

अनघाताई, उडीचा प्रसंग एका गाजलेल्या 19व्या शतकातल्या कादंबरीतला आहे. तुरुंगाच्या दप्तरात त्याला आधार नाही. इथे मात्र तो इतका मुरलाय की लोक कडासुद्धा दाखवतात.

बाकीचं खरं आहे. पॉइंट प्युअर 1834 ते 1849 चाललं, आणि तेवढ्या काळात साधारण तीन हजार मुलगे तिथून गेले. 'प्युअर' म्हणजे लॅटिनमध्ये मुलगा. सर्वांत लहान नऊ वर्षांचे. मोठ्या कैद्यांच्या संगतीने बिघडू नयेत म्हणून त्यांना खाडीपलीकडे वेगळं ठेवलं, हातात काहीतरी कसब द्यायचं ठरवलं. सुतारकाम, चांभारकाम, पाथरवटी, नावा बांधणं. तुम्ही तिथलं छप्पर नसलेलं चर्च पाहिलं असेलच. त्याचे बरेच दगड या मुलांनी घडवलेले आहेत. आगळीक केली की अंधारकोठडी किंवा फटके. जागा अशी उघडी, की गोड्या पाण्याचीही बोंब.

उत्तर: लघुलेखक_निवृत्त

अनघाताई, तुमच्या दुसऱ्या प्रश्नावर थोडं लांबण लावतो, क्षमस्व.

मी नोकरीभर कोर्टात लघुलेखन केलं. निवृत्तीनंतर काही जण भजन करतात, मी लंडनच्या ओल्ड बेली कोर्टाचे जुने खटले वाचत बसतो. तेही लघुलेखकांनीच टिपलेले, त्यामुळे जातभाई भेटल्यासारखं वाटतं.

10 डिसेंबर 1783. आरोपी जॉन हडसन. एका घरात शिरून शर्ट, रेशमी मोजे, दोन एप्रन आणि एक पिस्तूल चोरल्याचा आरोप. घरातल्या टेबलावर काजळीने माखलेल्या पायाचे ठसे होते. घरमालकाने काय केलं असेल? त्या पाऊलखुणा, बोटांसकट, कागदावर जमेल तितक्या बारकाईने उतरवून घेतल्या. एवढासा पाय.

न्यायाधीश विचारतात, वय किती? मुलगा म्हणतो, नववं चालू आहे. काम काय करतोस? काही नाही, कधीमधी धुराडी साफ करतो. आईवडील? मेले. कधी? माहीत नाही.

बस्स, एवढंच. आम्ही साक्षीतलं पुटपुटणं, अडखळणं सहसा गाळतो, कारण पानं वाढतात. इथे कोणीतरी ते 'माहीत नाही' ठेवलं, त्याबद्दल मी त्या लघुलेखकाचा ऋणी आहे.

रात्री घर फोडल्याचा गुन्हा सिद्ध झाला नाही. झाला असता तर त्याला फाशी होती. चोरी मात्र शाबीत झाली आणि सात वर्षं हद्दपारी मिळाली. आणि न्यायाधीश निर्दय नव्हता बरं का! अशा पोराला शक्य झालं तर विनाशातून ओढून काढावं, नाहीतर तो पुन्हा त्याच जगण्याकडे जाईल, अशा अर्थाचं तो भर कोर्टात बोलला. मला तिथेच जास्त कापरं भरतं. रागावून दिलेली शिक्षा समजू शकते. इथे पोराचं भलं चिंतून त्याला हद्दपार केलंय.

आधी त्याला अमेरिकेला पाठवायला निघाले. 'मर्क्युरी' जहाजावर 1784 मध्ये कैद्यांनी बंड केलं, पकडले गेले, मग प्लिमथला मोडीत निघालेल्या जहाजावरच्या तुरुंगात मुक्काम. 1787 ला ऑस्ट्रेलियाला कैदी नेणाऱ्या पहिल्या ताफ्यातल्या 'फ्रेंडशिप' जहाजावर चढवलं तेव्हा तो तेरा वर्षांचा. सिडनी, तिथून नॉरफोक बेट. फेब्रुवारी 1791 मध्ये रात्री नऊनंतर झोपडीबाहेर सापडला म्हणून पन्नास फटके.

तेव्हा 'वाढवून सांगतात का' याचं उत्तर: रुमाल-पावाच्या गोष्टी गुळगुळीत झाल्यात खऱ्या, पण मूळ कागद त्याहून खडबडीत आहेत.

उत्तर: रेवा_के

मुलीही होत्या, हे राहून जातं नेहमी. मेरी वेड, लंडनच्या रस्त्यावर झाडू मारून भीक मागणारी. दुसऱ्या एका लहान मुलीचे कपडे उतरवून घेतले म्हणून 1789 मध्ये फाशी सुनावली, तेव्हा ती अकराच्या आसपास. राजा तिसरा जॉर्ज आजारातून बरा झाला त्या आनंदात माफी मिळाली, म्हणजे फाशीऐवजी हद्दपारी! 'लेडी जुलियाना' जहाजाने जून 1790 मध्ये सिडनीला पोचली, पुढे एकवीस मुलं झाली. 1859 मध्ये वारली तेव्हा वंशजांचा गोतावळा तीनशेच्या वर होता. आज तिचे वंशज अभिमानाने नाव सांगतात, जे पूर्वी लपवायचे.

भटकी_अनघा

सगळ्यांचे आभार. काका, तो हडसनचा खटला मला वाचायचाय. इंग्रजी झेपेल का?

लघुलेखक_निवृत्त

झेपेल की. ओल्ड बेलीचे खटले ऑनलाइन फुकट आहेत, आडनाव आणि तारीख टाका. छापील पानाचा फोटो उघडलात तर मात्र सुरुवातीला गोंधळाल. त्या काळच्या छपाईत 'एस' बऱ्याचदा 'एफ'सारखा दिसतो. 'स्वीपर' असेल तिथे तुम्ही 'फ्वीपर' वाचाल. दुसऱ्या पानापर्यंत डोळे सरावतात.