स्पेनची यादवी १९३६-३९ : सोनं सरकारकडे, मग दारूगोळ्याची रड कशी?

मोडीवाचक :
एक गणित जुळत नाहीये. जुलै १९३६ मध्ये स्पेनच्या सरकारकडे बँक ऑफ स्पेनचं सोनं, बहुतेक नौदल, माद्रिद, बार्सिलोना आणि बिल्बाओचे कारखाने. बंडखोर जनरल फ्रँकोकडे मोरोक्कोतलं कसलेलं सैन्य, पण तेही जिब्राल्टरच्या सामुद्रधुनीपलीकडे अडकलेलं. रशियाने ६०० च्या वर विमानं आणि ३३१ रणगाडे दिले असं सगळीकडे छापलेलं असतं. तरी शेवटपर्यंत बोंब सरकारच्याच बाजूला. 'हिटलर-मुसोलिनीने जास्त दिलं' एवढ्यावर समाधान होत नाही. नेमकं अडलं कुठे?

तोफखाना :
एकूण आकड्यांची बेरीज मांडत बसलात तर फसाल. माल कधी पोचला आणि त्यात कुठलं काडतूस बसत होतं, ते बघा.

आधी वेळ. हिटलरने जुलैअखेर २० युंकर्स-५२ आणि ६ हाइन्केल-५१ विमानं द्यायचं ठरवलं. युंकर्स म्हणजे १७ प्रवाशांचं विमान. सीटा काढून, गुडघे पोटाशी घेऊन ३०-३५ जण जमिनीवर बसवायचे आणि मोरोक्कोतल्या तेतुआनहून स्पेनमधल्या सेव्हिलला उडायचं. नौदलाने अडवलेलं सैन्य असं डोक्यावरून गेलं : ऑक्टोबरपर्यंत १३,००० च्या वर माणसं. रशियाचे पहिले ५० टी-२६ रणगाडे सरकारकडच्या कार्ताहेना बंदरात उतरले १२ ऑक्टोबरला. तोवर फ्रँकोचं सैन्य माद्रिदच्या दिशेने बरंच वर सरकलं होतं. विमानं वीसच, पण त्या आठवड्यांत पुढच्या दोनशेंपेक्षा मोलाची.

आता काडतूस. स्पॅनिश सैन्याची माउझर रायफल ७ मिमीची. मेक्सिकोने २०,००० रायफली आणि २ कोटी काडतुसं पाठवली तीही ७ मिमीची, म्हणजे थेट कामाला. माझ्या मते सरकारला मिळालेला सगळ्यात सरळ माल तोच. रशियन रायफल ७.६२ ची, पोलिश ७.९२ ची, फ्रेंच लेबेल ८ ची. रशियाच्या पहिल्या खेपांमध्ये तर ११ मिमीच्या ग्रा आणि जुन्या इटालियन वेटर्ली होत्या. त्यांची काडतुसं संपली की ती बंदूक म्हणजे लोखंडी दांडका.

खरी गोची ७ आणि ७.९२ ची. दोन्हींची पुंगळी ५७ मिमी लांब, अंधारात हाताला सारखीच लागते. ७.९२ चं काडतूस ७ च्या रायफलीत घातलं तर खटका (बोल्ट) बसत नाही, आणि शिपाई जोर लावत बसतो. उलट घातलं तर बार होतो, पण गोळी नळीत सैल, नेम कुठच्या कुठे. रशियन पुंगळीला बुडाशी कडा असते, ती चाचपडून तरी ओळखता येते. एकाच ब्रिगेडमध्ये तीन मापं असली की ट्रकभर काडतुसं पोचूनही खंदक रिकामाच.

मोसिनची, म्हणजे त्या रशियन रायफलीची, आणखी एक खोड : तिचा नेम संगीन लावून जुळवलेला असतो. ओझं नको म्हणून संगीन काढली की गोळी बाजूला जाते. हे न शिकवता रायफली वाटल्या, तर दोष 'भंगार मालाला'.

हुंडीवाला :
सोन्याबद्दल. ५१० टन, ७,८०० पेट्या, म्हणजे पेटीमागे साधारण ६५ किलो. त्यात बहुतेक निरनिराळ्या देशांची नाणी. २५ ऑक्टोबर १९३६ ला कार्ताहेनाहून ओदेसाकडे, म्हणजे रशियाला. त्याआधीच बराच साठा फ्रान्सला विकलेला होता. पण रोकड जवळ असणं आणि दुकान उघडं असणं यात फरक आहे. २७ देशांनी 'हस्तक्षेप न करण्याचा' करार केल्यावर सरकारला राजरोस खरेदीच करता येईना. मग दलाल आले. माल तिसऱ्याच देशाला चाललाय असे कागद लागतात, ते विकत मिळतात, प्रत्येक सही पैसे खाते, आगाऊ रक्कम घेऊन माल येतच नाही. गिऱ्हाईक नडलेलं आहे हे सगळ्या युरोपला माहीत. पोलंड करारात सामील असूनही दोन्ही बाजूंना विकत होता. ग्रीसमार्गे तर जर्मन शस्त्रंही सरकारी बाजूला पोचली! रशियाने रूबल-डॉलरचा दर मालागणिक वेगळा लावून भाव फुगवला असा आरोप आहे. सगळे इतिहासकार तो मान्य करत नाहीत.

फ्रँकोची गोष्ट उलटी. त्याच्याकडे रोकड नव्हती म्हणून त्याला उधारी मिळाली, आणि उधारी देणाऱ्याला तो जिंकायलाच हवा होता. इटलीचं देणं १९४० मध्ये ५ अब्ज लिरांवर तोडलं, शेवटचा हप्ता १९६७ मध्ये. जर्मनीला पैशापेक्षा खनिज हवं होतं. हिस्मा नावाची कंपनी स्पेनमध्ये, रोवाक बर्लिनमध्ये : इकडून पायराइट आणि लोहखनिज, तिकडून शस्त्रं. रिओ तिंतोच्या खाणी ऑगस्ट १९३६ पासून फ्रँकोच्या हातात होत्या. पण हिटलरला खाणींची मालकीही पाहिजे होती. फ्रँकोने ऑक्टोबर १९३७ मध्ये नवे खाणहक्क रद्द केले आणि जून १९३८ मध्ये परदेशी हिस्सा ४०% वर आणला. एब्रो नदीवरच्या लढाईत दारूगोळा आटल्यावर नोव्हेंबरमध्ये जर्मनांना हवं ते मिळालं, काँडोर लीजनला (फ्रँकोच्या बाजूने लढणाऱ्या जर्मन दलाला) नवा माल मिळाला आणि २३ डिसेंबरला कातालोनियावर (बार्सिलोनाच्या प्रांतावर) चढाई सुरू. यातून काय समजायचं ते समजा.

आणि तेल विसरू नका. अमेरिकेच्या तटस्थतेच्या कायद्यात शस्त्रं होती, पेट्रोल नव्हतं. टेक्साको या अमेरिकन तेल कंपनीने फ्रँकोला उधारीवर तेल दिलं.

मोडीवाचक :
खटका न बसण्याचं कुठेच वाचलं नव्हतं, आभार. पण फ्रान्सची हद्द तर लागूनच होती. समुद्राची भानगड कशाला?

दर्यावर्दी :
कारण हद्दीचं दार पॅरिसच्या मर्जीवर उघडायचं. म्हणून काळ्या समुद्रातून बॉस्फरसमार्गे भूमध्य. तिथे धोका : पहिले रणगाडे आणणारी 'कोमसोमोल' बोट १४ डिसेंबर १९३६ ला फ्रँकोच्या 'कानारियास' क्रूझरने बुडवली. ऑगस्ट १९३७ पासून इटालियन पाणबुड्या निनावी टॉर्पेडो सोडू लागल्या. हे हल्ले रोखायला सप्टेंबरात भरलेल्या न्योन परिषदेनंतर ते थंडावलं, पण तोवर रशियाने तो मार्ग जवळपास सोडला.

त्याआधीची थट्टा बघा. एप्रिल १९३७ च्या आंतरराष्ट्रीय गस्तीत सरकारच्या भूमध्य किनाऱ्यावर पहारा कोणाचा? जर्मनी आणि इटलीचा. विमानांना गस्त लागू नाही, स्पॅनिश झेंड्याच्या बोटींना नाही. शिवाय फ्रँकोचा माल लिस्बनला उतरवायला पोर्तुगालचा हुकूमशहा सालाझार तयार.

मग नवा रस्ता : मुर्मान्स्कहून बोर्डो किंवा ल हाव्र, तिथून रेल्वेने फ्रान्स ओलांडून कातालोनिया. प्रत्येक खेप दोनदा चढवा-उतरवायची, आणि फाटक बंद झालं की वाघिणी साइडिंगला. १७ मार्च १९३८ ला हद्द उघडली, १३ जूनला पुन्हा बंद. त्या तीन महिन्यांत जे आत आलं त्यावर जुलैत एब्रो ओलांडली गेली. वर्षअखेर रशियाने मोठी शेवटची खेप मंजूर केली, त्यातला बराच माल फ्रान्समध्येच अडकला. २६ जानेवारी १९३९ ला बार्सिलोना पडलं.

तोफखाना :
दर्यावर्दी, अगदी. अवांतर : नागपूरचे गोपाळ मुकुंद हुद्दार 'जॉन स्मिथ' नावाने इंटरनॅशनल ब्रिगेडमध्ये (सरकारच्या बाजूने लढणाऱ्या परदेशी स्वयंसेवकांत) होते. एप्रिल १९३८ मध्ये गांदेसाजवळ पकडले गेले आणि सान पेद्रो दे कार्देन्याच्या कैदेत राहिले. तारखा लावून बघा : हद्द उघडून तेव्हा जेमतेम काही आठवडे झाले होते.