‘फुलटोच्या’ : शब्दाची फोड, उच्चार आणि अनेकवचन

प्रश्न : येऊरच्या वाटेवर एका पक्षिनिरीक्षकांनी आंब्याच्या शेंड्यावरील इवल्याशा पक्ष्याचे नाव ‘टिकेलचा फुलटोच्या’ असे सांगितले. या शब्दाची फोड कशी करावी? शिवाय तो पक्षी फळे खात होता, मग नावात फूल कशासाठी?

उत्तर : ‘टोच’ या धातूला ‘-या’ हा कर्तृवाचक प्रत्यय लागून ‘टोच्या’ झाला, जसा ‘नाच’वरून ‘नाच्या’ किंवा ‘तोड’वरून ‘लाकूडतोड्या’. ‘टोचणे’मधील च ‘चोच’ या शब्दातल्यासारखा दंत्य आहे. पुढे य येताच तो तालव्य होतो, म्हणून ‘टोच्या’तील च ‘चिमणी’तल्यासारखा उच्चारावा. ‘टिकेल’ हे एकोणिसाव्या शतकातील ब्रिटिश लष्करी अधिकारी सॅम्युअल टिकेल यांचे आडनाव होय.

फुलाविषयीची आपली शंका रास्त आहे, कारण जेमतेम ८ सेंटिमीटर लांबीच्या या पक्ष्याचे जगणे मुख्यतः बांडगुळाच्या फळांवर चालते. ठाण्यात आमच्या इमारतीच्या आवारातील आंब्यावर बांडगूळ आहे, आणि तेथे ‘चिक् चिक्’ असा आवाज आला की मी खिडकीशी जाऊन उभा राहतो. एकदा अगदी जवळून पाहिले : त्याने पिकलेले फळ चोचीत धरून सबंध गिळले, आणि काही मिनिटांनी फांदीवर आडवे बसून शेपटीखालचा भाग सालीवर घासला, तेव्हा चिकट तंतू ओढत एक बी तिथेच चिकटून राहिली. बांडगुळाची नवी रोपटी रुजतात ती अशा चिकटलेल्या बियांतूनच. याचा भाऊबंद असलेला जाड चोचीचा फुलटोच्या मात्र पुष्कळदा गर तेवढा खातो आणि बी चोचीनेच फांदीला पुसून टाकतो.

एवढे पाहिल्यावर ‘फळगिळ्या’ हे नाव अधिक शोभले असते असे कोणालाही वाटेल. तरीही मला ‘फुलटोच्या’ हाच शब्द योग्य वाटतो. बांडगुळाची लांबट, नारिंगी कळी पूर्ण भरली तरी बहुधा बाहेरून स्पर्श होईपर्यंत मिटलेलीच राहते. फुलटोच्या किंवा शिंजीर तिच्या टोकाशी चोचीने दाब देतो, ती झटक्याने उघडते आणि पराग पक्ष्याच्या तोंडावर उडतात. मी स्वतः अशी एक कळी चिमटीत हलकेच दाबून पाहिली, ती टचकन फुटली. सालिम अली यांनी कोकणातील बांडगुळाचा प्रसार आणि हे पक्षी यांच्या संबंधाविषयी १९३०च्या दशकाच्या आरंभीच लिहून ठेवले आहे.

जाता जाता, ऐतखाऊ माणसाला आपण ‘बांडगूळ’ म्हणतो ते मला खटकते. ही वनस्पती यजमान झाडातून पाणी आणि क्षार घेते हे खरे, पण हिरव्या पानांच्या बळावर अन्न स्वतः तयार करते.

पुरवणी प्रश्न : अनेकवचन ‘फुलटोच्या’च ठेवावे काय? आणि मादीला ‘फुलटोची’ म्हणता येईल काय?

उत्तर : ‘वाटाड्या’चे ‘वाटाडे’ होते, त्याच न्यायाने अनेकवचन ‘फुलटोचे’ करावे : ‘शेवग्यावर दोन फुलटोचे बसले आहेत’. टिकेलच्या फुलटोच्यात नर आणि मादी दिसायला सारखेच असतात, त्यामुळे वेगळे स्त्रीलिंगी रूप घडवण्याऐवजी ‘फुलटोच्याची मादी’ असे लिहिणे मला बरे वाटते. खरी अडचण षष्ठीची आहे. ‘फुलटोच्या घरट्यात’ असे लिहिले तर वाचणारा ‘फुलटो’ नावाचा कोणी प्राणी आहे असे समजेल, कारण शेवटचा ‘च्या’ त्याला प्रत्ययच वाटतो. म्हणून कानाला थोडे जड गेले तरी ‘फुलटोच्याच्या घरट्यात’ असेच लिहावे, किंवा वाक्य फिरवून ‘फुलटोच्याचे घरटे फांदीला थैलीसारखे लोंबते’ असे म्हणावे.