गाण्याचा व्हिडिओ, चित्रपट आणि माहितीपट: तिघांना एकच मोजपट्टी लावावी का?

फ्रेमवेडी

मी माध्यम अभ्यासाच्या दुसऱ्या वर्षाला आहे. या सत्राच्या प्रकल्पासाठी एक गाण्याचा व्हिडिओ, चित्रपटातला एक प्रसंग आणि माहितीपटाचा चार मिनिटांचा तुकडा घेऊन त्यांतलं तंत्र उलगडायचं आहे. मी तिन्हींसाठी एकच तक्ता आखला. शॉट किती सेकंदांचा, कॅमेरा किती जवळ, हलतो की स्थिर, उजेड कुठून येतो, आवाज कोणता, आणि कट नेमका कशावर पडतो. यावरून वर्गात जोरदार वाद झाला. बहुतेकांचं म्हणणं असं, की व्हिडिओ आणि चित्रपट रचलेले असतात, तिथे असं मोजमाप ठीक आहे. माहितीपट 'टिपलेला' असतो, तिथे विषयावर बोलावं, शॉट मोजत बसू नये.

मला हे मुळातच मान्य नाही. दोन उदाहरणं देते. पहिलं १९९० मधलं, शिनेड ओ'कॉनरचं 'नथिंग कम्पेअर्स टू यू'. दिग्दर्शक जॉन मेबरी यांनी गाण्याचा बराचसा भाग तिच्या चेहऱ्याच्या क्लोजअपवरच ठेवला आहे. मागे काळोख, केस नाहीत, दागिना नाही, नजर थेट आपल्याकडे. शेवटाकडे तिच्या डोळ्यांतून पाणी येतं. आईच्या आठवणीनं ते आलं, असं तिनंच पुढे सांगितलं. दुसरं उदाहरण रॉबर्ट फ्लॅहर्टी यांच्या १९२२ च्या 'नानूक ऑफ द नॉर्थ' या, बर्फाळ प्रदेशातल्या इन्युइट कुटुंबावरच्या माहितीपटाचं. नेहमीच्या इग्लूत कॅमेऱ्यापुरती जागा नव्हती आणि उजेडही पुरत नव्हता. म्हणून मोठा इग्लू बांधून त्याची एक बाजू उघडी ठेवली, आणि आत झोपलेलं दिसणारं कुटुंब प्रत्यक्षात गारठ्यात उघड्यावर पडून होतं. ते कुटुंबही चित्रपटापुरतं जमवलेलं. नायकाचं नावसुद्धा नानूक नव्हतं, अल्लाकारियालाक होतं.

म्हणजे गाण्याच्या व्हिडिओत खरं रडू आहे आणि माहितीपटात खोटी झोप. मग माहितीपटालाच तक्त्यातून सूट का?

जुनी रीळ

असहमत. उदाहरणं चांगली निवडली आहेस, पण तीच तुझ्या विरोधात जातात.

इग्लूची एक बाजू कापलेली होती, हे तुला तुझ्या तक्त्यातून कळलं का? नाही. ते तू वाचलंस. पडद्यावर फक्त झोपलेलं कुटुंब दिसतं. तक्ता पडद्यापुरता असतो, आणि माहितीपटाचा खरा प्रश्न पडद्याच्या बाहेर असतो.

गाण्याच्या व्हिडिओत कुणी काहीही करावं. कोल्डप्लेच्या 'द सायंटिस्ट'मध्ये (२००२) सगळं जग उलटं चालतं आणि गायकाचे ओठ मात्र गाण्याशी बरोबर जुळतात, कारण त्यानं अख्खं गाणं उलट्या क्रमानं म्हणायची तयारी केली होती. बघणारा थक्क होतो, फसत कुणीच नाही. आता १९५८ चा डिस्नेचा 'व्हाइट विल्डरनेस' घे. लेमिंग नावाचे उंदरासारखे प्राणी झुंडीनं कड्यावरून समुद्रात उड्या घेतात, असं त्यात दाखवलं. चित्रीकरण झालं कॅनडातल्या अल्बर्टात, जिथे समुद्रच नाही. प्राणी बाहेरून आणले होते आणि त्यांना कड्यावरून ढकललं होतं. या चित्रपटाला माहितीपटाचं ऑस्कर मिळालं, आणि लेमिंग सामूहिक आत्महत्या करतात ही समजूत जगभर पक्की झाली.

तुझ्या तक्त्यात हा प्रसंग कसा उतरेल? लाँग शॉट, अमुक सेकंद, कॅमेरा स्थिर, निवेदन पुरुषाच्या आवाजात. एकही नोंद चुकीची नाही आणि मुख्य गोष्ट त्यात कुठेच नाही. माहितीपट प्रेक्षकाला शब्द देतो, की हे घडलं. तो शब्द पाळला की मोडला, हे सेकंद मोजून कळत नाही.

कातरजोड

मी पंधरा वर्षं संकलन करतो आहे. तिन्ही प्रकारचं काम केलंय, म्हणून सांगतो, पोरगी बरोबर वाटेवर आहे.

आधी गाण्याचं. मिनिटाला १२० ठोके असलेलं गाणं म्हणजे सेकंदाला दोन ठोके. सेकंदाला २४ फ्रेम, म्हणजे २४ स्थिर चित्रं, असलेल्या टाइमलाइनवर दर १२ फ्रेमला एक ठोका. नवा संकलक प्रत्येक कट बरोबर ठोक्यावर टाकतो आणि दहा सेकंदांत बघणाऱ्याला कंटाळा येतो. मी पुष्कळदा कट दोन फ्रेम आधी टाकतो. सेकंदाचा बारावा भाग, पण चित्र डोळ्यांत उतरेपर्यंत ठोका येतो आणि दोन्ही एकत्र बसतात. नेमकी सम मात्र एखाद्याच जागेसाठी राखून ठेवायची. स्लो मोशनमध्ये गाणारा माणूस दिसतो तेव्हा सेटवर गाणं दुप्पट वेगानं वाजत असतं, तो त्याच घाईनं ओठ हलवतो, आणि कॅमेरा सेकंदाला ४८ फ्रेम घेतो. २४ नं चालवलं की ओठ गाण्याशी जुळतात. केस आणि पाणी तेवढे तरंगत राहतात.

आता माहितीपटाकडे या. एकाची मुलाखत आहे. प्रश्न विचारला, माणूस अकरा सेकंद गप्प बसला, मग बोलला. ती अकरा सेकंदं मला कापायची आहेत. सरळ कापली तर चेहरा उडी मारतो आणि सगळ्यांना कळतं. म्हणून मी तिथे त्याच्या हातांचा क्लोजअप टाकतो. बोटं एकमेकांत गुंतलेली, अंगठा नखावरून फिरतोय. तो शॉट मुलाखत संपल्यावर अर्ध्या तासानं घेतलेला असतो. खाली आवाज सलग चालू राहतो. बघणाऱ्याला वाटतं, प्रश्न आला आणि उत्तर लगेच आलं.

हे आम्ही रोज करतो. आणि हे फक्त त्यालाच दिसतं जो बसून लिहितो, 'हात, दोन सेकंद, आवाज सलग', आणि मग स्वतःला विचारतो की इथे हात का आले. विषयावर भरभरून बोलणाऱ्याला ते कधी दिसत नाही.

जुनी रीळ

कातरजोड, तुमचं काम किती बारकाईचं आहे हे कळलं, आणि तुम्ही इतकं मोकळेपणानं सांगितलंत याबद्दल आदर आहे. पण तुमचंच उदाहरण पुढे नेतो. तो माणूस अकरा सेकंद का गप्प होता? दुःखानं, की खोटं जुळवत होता म्हणून, की त्याला प्रश्नच कळला नव्हता? माहितीपटाचा जीव त्या अकरा सेकंदांत आहे. तुमच्या कटाची नोंद करणारी विद्यार्थिनी तुमच्या चलाखीपाशी पोचेल, त्या माणसापाशी पोचणार नाही.

आणि गाण्यातल्या दोन फ्रेम आणि मुलाखतीतली अकरा सेकंदं या एकाच तक्त्याच्या दोन ओळी होऊ शकत नाहीत. पहिलीत तुम्ही लय सांभाळता. दुसरीत तुम्ही एका जिवंत माणसाच्या वतीनं बोलता. त्याला मी निव्वळ तंत्र म्हणणार नाही, ती जबाबदारी आहे.

शांतसाद

माझा आक्षेप वेगळा आहे. वर कुणीही आवाजावर पुरेसं बोललेलं नाही. तक्त्यात सहा रकाने, त्यांतले चार डोळ्यांचे. आवाजाला एक.

मी ध्वनीचं काम करते. गाण्याच्या व्हिडिओत गाणं आधी तयार असतं, चित्र त्याच्या मागून चालतं. चित्रपटात बहुतेक वेळा चित्र आधी जुळतं आणि पार्श्वसंगीत नंतर येतं. आपल्याकडची चित्रपटातली गाणी पुन्हा उलटी, आधी ध्वनिमुद्रण, मग चित्रीकरण. म्हणून चित्रपटाच्या मधोमध असूनही ती घडणीनं व्हिडिओच्या जवळची. आधी काय आलं, हे न नोंदवता 'कट ठोक्यावर पडला' लिहिलं तर अर्थ काय? व्हिडिओत कट ठोक्याकडे गेला, आणि चित्रपटात कदाचित संगीतकार कटाकडे आला. कागदावर दोन्ही सारखेच दिसतात.

वन्यजीवांचे माहितीपट बघा. प्राणी लांब, भिंग मोठं, आणि इतक्या लांबून पावलांचा आवाज माइकला मिळत नाही. बर्फावरची पावलं ध्वनिकक्षात कॉर्नफ्लॉवर भरलेली पिशवी दाबून काढतात. प्राणी खरा, बर्फ खरा, पाऊल खरं, आवाज पिठाचा. प्रेक्षक डोळ्यांवर संशय घेतो, कानावर सहसा घेत नाही. तक्त्यानंही तेच केलं आहे.

मनमोकळी

मला तर एकूणच हे मोजणं नकोसं वाटतं. 'कागज़ के फूल'मधला (१९५९) तो उजेडाचा झोत पहिल्यांदा पाहिला तेव्हा मी श्वास रोखून बसले होते. रिकाम्या स्टुडिओत दोघं लांब लांब उभी, वरून तिरपा उतरणारा प्रकाश, आणि शरीरं तिथेच असताना त्यांच्या सावलीसारख्या आकृत्या निघून एकमेकींकडे जातात. याला रकान्यात कसं घालणार? माहितीपट असो की गाणं, जे भिडतं ते भिडतं.

फ्रेमवेडी

सगळ्यांचं दोनदा वाचलं. आधी मनमोकळीताईंना उत्तर. तो झोत छायाचित्रकार व्ही. के. मूर्ती यांनी आरशांवरून ऊन वळवून स्टुडिओत आणला होता. हे कळल्यावर मी तो प्रसंग परत पाहिला. त्या झोतात धूळ तरंगताना दिसते. आधी माझं लक्ष फक्त त्या दोघांकडे होतं. आता मधली हवासुद्धा दिसली, आणि त्यांच्यातलं अंतर जास्त जाणवलं. मला तरी मोजल्यानं काही कमी झालं नाही.

शांतसादताई, तुमचं पूर्ण पटलं. 'आधी काय आलं' हा रकाना आजच वाढवते आहे, आणि आवाजाचे तीन करते: जागेवरचा, नंतर घातलेला, आणि काढून टाकलेला. तिसरा मला सुचलाच नव्हता.

जुनी रीळ सर, तुमचं अर्धं पटलं. प्रेक्षकाला दिलेला शब्द हा रकाना हवा, हे मान्य. पण शब्द मोडला जातो तो तंत्रानंच ना? आणि तंत्रानं तो पाळताही येतो. एरॉल मॉरिस यांचा 'द थिन ब्लू लाइन' (१९८८) बघा. एका पोलिसाच्या खुनाचा प्रसंग त्यात नटांकडून पुन्हा पुन्हा घडवला आहे, रात्रीचा रंगीत उजेड, स्लो मोशनमध्ये हवेतून पडणारं मिल्कशेक, फिलिप ग्लास यांचं संगीत. सगळी सामग्री कथापटाची. पण प्रत्येक साक्षीदाराच्या सांगण्याप्रमाणे प्रसंग बदलतो, त्यामुळे बघणाऱ्याला कळतं की हे घडलेलं नाही, हे सांगितलेलं आहे. रँडल डेल अ‍ॅडम्स या खुनाच्या आरोपाखाली तुरुंगात होता; १९८९ मध्ये तो सुटला. पुनर्निर्मित प्रसंग म्हणजे लबाडी, हे समीकरण इथे तुटतं. आणि ते कसं तुटतं हे शॉट शेजारी शेजारी मांडल्याशिवाय मला दाखवता येणार नाही.

जुनी रीळ

मॉरिसचं उदाहरण मान्य. ते मला आवडतं. पण तो ईमानदार होता म्हणून तक्त्याला सापडला. न सांगणारा सापडत नाही. बीबीसीच्या २०११ च्या 'फ्रोझन प्लॅनेट'मध्ये ध्रुवीय अस्वलीच्या पिल्लांचा जन्म दाखवला होता. बाहेरचा बर्फ ध्रुवाकडचा, आतली गुहा प्राणिसंग्रहालयातली. दोन शॉट इतके सफाईनं जोडलेले, की निवेदनातून काहीच कळलं नाही. संकेतस्थळावर त्यांनी चित्रीकरणाची हकिकत दिली होती आणि त्यावरच पुढे गदारोळ झाला. गुहेत कॅमेरा नेला असता तर अस्वलीच्या आणि माणसांच्या जिवाला धोका होता, हे कारण मला रास्त वाटतं. तरीही माहिती मिळाली ती चित्रपटाबाहेर. मी माझ्या मतावर ठाम आहे: माहितीपटाच्या विश्लेषणाची सुरुवात चौकशीनं व्हावी, तक्ता त्यानंतर.

कातरजोड

चौकशी कुठे करायची हे कुणी सांगायचं, सर? हजार शॉट असतात. तक्त्यातली खटकणारी ओळच बोट दाखवते.

फ्रेमवेडी

कातरजोड दादांचं वाचून माझ्या चार मिनिटांच्या तुकड्याकडे परत गेले. मुलाखत एका वृद्ध कामगाराची आहे. हातांचे शॉट तीन आहेत. मी आधी रकान्यात 'भावनिक' असं लिहून पुढे गेले होते. आता पाहिलं तर तिसऱ्या हाताच्या आधी आवाज थकलेला आहे आणि नंतर एकदम खणखणीत. बाकी दोन ठिकाणी असं काही नाही.

शांतसाद

डोळे मिटून तिसरी जागा ऐक. हेडफोन लाव. बोलायला सुरुवात करण्याआधी माणूस श्वास घेतो. दोन वाक्यांच्या मध्ये श्वास नसेल, किंवा मागची खोलीची घरघर एका क्षणात बदलत असेल, तर तिथे काहीतरी काढलेलं असण्याचा दाट संभव आहे.

फ्रेमवेडी

ऐकलं. पहिल्या दोन जागी श्वास आहे. तिसऱ्या जागी नाही, आणि मागे बारीक चालू असलेला पंख्याचा आवाज तिथे अचानक थांबतो. दुसरं वाक्य वेगळ्या वेळी, कदाचित वेगळ्या खोलीत घेतलं असावं. जुनी रीळ सर, आता तुमची पाळी. दिग्दर्शकांना विचारणारं पत्र लिहायला बसले आहे. नेमकं काय विचारू?

जुनी रीळ

आधी त्या दोन वाक्यांच्या मधला प्रश्न काय होता, ते विचार. मग त्या कामगारानं पूर्ण झालेला चित्रपट पाहिला का, आणि ते वाक्य तिथे बघून तो काय म्हणाला, ते विचार.