समुद्राची आम्लता वाढतेय, यावर मुंबईत बोलायचं कधी?

खडपवाली, वर्सोवा
उधाणाच्या ओहोटीला आईबरोबर कालवं फोडायला गेले होते. घरी येऊन रिकाम्या शिंपीवर लिंबू पिळलं, तर बारीक फेस आला. शिंपी म्हणजे चुनाच, आम्लात विरघळणार. आपण सोडलेल्या कार्बन डायऑक्साइडपैकी जवळपास पाव हिस्सा समुद्र शोषतो आणि त्याचं पाण्यात कार्बोनिक आम्ल होतं. कारखानदारीच्या आधी वरच्या पाण्याचा पीएच (आम्लतेचं माप; आकडा उतरला की आम्लता वाढली) ८.२ च्या आसपास होता, आता ८.१. कोस्टल रोडच्या वेळी प्रवाळांची चर्चा झाली, तीही त्यांना हलवायचं कुठे एवढ्यापुरती.

माहीमकर
ताई, ८.१ म्हणजे पाणी अजून अल्कधर्मीच आहे. लिंबाशी तुलना कशाला? आमच्या खाडीची वाट लावली ती मैल्यानं. आणि कवच बनताना कार्बन डायऑक्साइड सुटतो. म्हणजे कवचं कमी झाली तर समुद्र उलट जास्त वायू शोषेल. आधी नाले बघा.

खडपवाली
लिंबाचं मी ताणलं, मान्य. पण पीएचमध्ये ०.१ ची घट म्हणजे पाण्यातले हायड्रोजन आयन, आम्लता ठरवणारे कण, पाव पटीहून जास्त वाढले. ते कार्बोनेटला धरून बसतात, आणि कालवाच्या पिल्लाला पहिलं कवच बांधायला तेच कार्बोनेट लागतं.
कवचाचं रसायन तुम्ही बरोबर सांगितलंत, हिशेब मात्र अर्धाच मांडलात. भर समुद्रात कोकोलिथोफोर, फोरामिनिफेरा असे चुन्याच्या कवचाचे सूक्ष्म जीव असतात. ते मेले की कवचाच्या वजनानं आजूबाजूचा सेंद्रिय गाळही खोल जातो. वजन घटलं तर तो गाळ वरच कुजेल आणि त्यातला कार्बन परत हवेत जाईल. शिवाय कार्बोनेट कमी होत गेलं की नवा वायू पचवायची पाण्याची ताकदच घटते.

माहीमकर
वजनाचा परिणाम नेमका किती, यावर शास्त्रज्ञांतच एकमत नाही. जगाचा धूर आपल्या हातात नाही, नाले आहेत.

दर्यावरचा
दादा, मैला कुजताना जिवाणू प्राणवायू घेतात आणि कार्बन डायऑक्साइडच सोडतात. खाडीचं पाणी त्यानंही आम्लाकडे झुकतं. दोघं एकाच गोष्टीवर भांडताय.

माहीमकर
हे पटलं. म्हणूनच तर नाले आधी.

खडपवाली
आधी नाले, चालेल. पण खाडीचा पीएच एका दिवसातही वरखाली होतो, एकदाच बाटली भरून काही कळत नाही. भरतीला, ओहोटीला, पहाटे, दुपारी, पावसाळ्यातसुद्धा मोजायला हवा, आणि सोबत पाण्याची क्षारताही. एवढी मागणी तरी आपण दोघं मिळून करू.