युद्धाच्या सीमेजवळ राहणारं कोणी आहे का इथे? घरच्यांना काय सांगता?

पूर्वेची_खिडकी:
नमस्कार मंडळी, आम्ही दोन वर्षं झाली पोलंडमधे झेशूफला राहतोय, नवऱ्याची नोकरी इथे, मुलगी ४ वर्षांची. युक्रेनची सीमा इथून १०० किमीच्या आतच. एरवी अगदी शांत गाव आहे हो, बाग, बालवाडी, बाजार, सगळं नेहमीसारखं. पण युक्रेनला जाणारी मदत इथल्याच विमानतळावरून जाते त्यामुळे युद्ध शेजारी आहे हे विसरताच येत नाही. १० सप्टेंबर २०२५ ला रशियन ड्रोन पोलंडच्या हद्दीत घुसले त्या रात्री विमानतळ काही तास बंद होता, लढाऊ विमानांच्या आवाजाने मुलगी उठली आणि म्हणाली आई ढग वाजतायत का, मी हो म्हटलं. तेव्हापासून आई रोज फोनवर एकच विचारते, कधी येताय परत?

अजून एक. बालवाडीत एक युक्रेनियन आई भेटते, खारकीवची. तिच्या फोनमधे तिथल्या हवाई हल्ल्याच्या भोंग्याचं अॅप अजून चालू आहे कारण तिची आई तिकडेच आहे. मुलाच्या बुटाची नाडी बांधता बांधता तो फोन वाजतो, ती बघते, खिशात ठेवते आणि नाडी पूर्ण करते. मला काय बोलावं तेच सुचत नाही. तुम्ही काय करता अशा वेळी?

सानकाठ:
मी लुब्लिनला ६ वर्षं आहे. आधी तयारीचं सांगते, कारण तयारी असली की निम्मी भीती जाते. पासपोर्ट, राहण्याचा परवाना, मुलीचा जन्मदाखला, औषधं, थोडी रोख आणि पॉवर बँक एका पिशवीत दाराजवळ ठेवा. वॉर्सॉच्या भारतीय दूतावासाकडे नावं नोंदवा. सरकारी 'अलर्ट आरसीबी' फोनवर मेसेजने येतो, तो पोलिशमधे असतो म्हणून मोजके शब्द पाठ करून ठेवा. भोंगा वरखाली होत ३ मिनिटं वाजला तर धोका, एकाच सुरात ३ मिनिटं वाजला तर धोका टळला.

आणि १ ऑगस्टला संध्याकाळी ५ वाजता भोंगे वाजतात ते वॉर्सॉच्या १९४४ च्या उठावाच्या आठवणीसाठी, हे आधीच माहीत असू द्या. मला पहिल्या वर्षी कोणी सांगितलं नव्हतं, मी भाजीची पिशवी रस्त्यातच टाकून जिन्याखाली पळाले होते.

तेर्नोपिल_बॅच:
मी २०२२ मधे युक्रेनला एमबीबीएस करत होतो. शेहिनीच्या सीमेपर्यंत शेवटचे कितीतरी किलोमीटर चालत गेलो, मग थंडीत रांगेत उभं राहून राहून पाय बधिर झाले. पलीकडे मेदिकाला एका पोलिश आजोबांनी काही न विचारता गरम सूपचा कप हातात दिला. पशेमिश्ल स्टेशनवर रिकाम्या बाबागाड्या ठेवल्या होत्या, कडेवर बाळं घेऊन येणाऱ्या बायकांसाठी. पुढे ऑपरेशन गंगाच्या विमानाने घरी आलो.

आईबाबांचं म्हणाल तर माझ्या घरचे बातम्यांपेक्षा माझ्या गप्प बसण्याने जास्त घाबरले होते. रोजची एक वेळ ठरवा आणि त्या वेळी फोन कराच, दोन मिनिटं का होईना. आणि 'काही नाही झालं' असं म्हणू नका, त्यांना टीव्हीवर दिसतंच. काय झालं, तुमच्यापासून किती लांब झालं आणि तुम्ही काय केलंत तेवढं सांगा.

करवीरचा_नातू:
आमची आजी लहानपणी वळिवड्याच्या छावणीजवळ राहायची. १९४३ ते १९४८ कोल्हापूरजवळ जवळपास ५ हजार पोलिश लोक होते, बहुतेक बायका आणि मुलं, सोव्हिएत तुरुंगछावण्यांमधून आणि सैबेरियातून सुटून इराणमार्गे आलेले. आजी म्हणायची युद्ध संपल्याची बातमी आली तेव्हा त्यातल्या काही बायका आनंदाऐवजी रडत बसल्या. मला मोठा झाल्यावर कारण कळलं. त्यातल्या पुष्कळांची गावं पूर्व पोलंडची, ल्विवकडचीसुद्धा, आणि युद्धानंतर तो भाग सोव्हिएत युनियनमधे गेला. लढाई थांबली पण घराचा पत्ताच दुसऱ्या देशात गेला. म्हणून मी शांतता मागतो तेव्हा नुसते तोफा बंद होणं मागत नाही, त्या खारकीवच्या बाईला स्वतःच्या दाराला स्वतःची किल्ली लावता यावी एवढं मागतो. तिला 'सगळं ठीक होईल' असं मात्र म्हणू नका, ते आपल्या हातात नाही. तिच्या आईची चौकशी करा, मुलाला तासभर तुमच्याकडे ठेवून घ्या.

पूर्वेची_खिडकी:
सगळ्यांना मनापासून धन्यवाद. पिशवी भरली, दूतावासात नोंद केली. आईला रोज रात्री ९ ची वेळ दिलीये, तिची तिकडे मध्यरात्र उलटून जाते तरी जागी राहते, म्हणून आता सकाळची करतेय.

काल बालवाडीत ती खारकीवची बाई बाकावर बसून होती, तिची आई फोन उचलत नव्हती. मी शेजारी बसले, दोन्ही मुलं आमच्यासमोर ठोकळे लावत होती. वीस-पंचवीस मिनिटांनी फोन लागला. आई तळघरात होती, रेंज नव्हती. ती पोलिशमधे मला सांगायला लागली आणि मधेच युक्रेनियनमधे गेली, मला निम्मं कळलं नाही, पण मी हात सोडला नाही. शनिवारी मुलाला आमच्याकडे घेऊन येतेय.