‘बरं’ म्हणजे होकार की नुसती ऐकल्याची पोच?

पाटीपेन्सिल: गेल्या आठवड्यात भावाचा फोन आला, “यंदा गणपतीचा खर्च निम्मा-निम्मा करू.” मी म्हणालो, “बरं.” आता तो म्हणतो, तू कबूल झालास. माझं ठाम मत आहे की ‘बरं’ हा होकार नव्हे. ‘होय’चं मूळ संस्कृत ‘भवति’, प्राकृतात ‘होइ’. म्हणजे ‘तसंच आहे’ अशी ग्वाही. ‘बरं’मध्ये तशी ग्वाही नाही. ते ‘बरोबर’चं तोकडं रूप. तुझं म्हणणं योग्य, एवढंच. मी पैसे देतो असं त्यात कुठे आलं?

माजघर: अजिबात पटलं नाही. आई म्हणायची, “येताना कोथिंबीर आण,” आम्ही म्हणायचो, “बरं.” रिकाम्या हाती आलो की पहिला प्रश्न, “मग बरं कशाला म्हणालास?” भावाचं काही चुकलेलं नाही.

जुनी पोथी: व्युत्पत्तीही चुकली. ‘बरोबर’ फारसी ‘बराबर’वरून आलं. ‘बरं’चं घराणं वेगळं. बरा, बरी, बरं असं ते लिंगाप्रमाणे बदलतं. ‘बरोबर’ कुठेही लावा, तसंच राहतं. मला ‘बरा’चं मूळ संस्कृत ‘वर’ म्हणजे निवडक, उत्तम हेच पटतं.

काना मात्रा: ‘वर’ला माझा आक्षेप. मराठीत सुरुवातीचा ‘व’ टिकतो. विंशतीचं आपल्याकडे वीस, हिंदीत बीस; वटाचं आपल्याकडे वड, हिंदीत बड. मग एकट्या ‘वर’नेच ‘ब’ का घ्यावा?

जुनी पोथी: ‘उपविश्’चं ‘बसणे’ झालंच की.

काना मात्रा: तिथे ‘व’च्या आधी ‘प’ होता. ‘वर’ला तसा आधार नाही. अर्थ जुळतो म्हणून नातं जोडू नका.

मांडवीकाठ: मूळ काहीही असो, अर्थाचा प्रवास बघा. आम्ही गोव्यात आभार मानताना ‘देव बरें करूं’ म्हणतो. कोंकणीत ‘बरो मनीस’ म्हणजे सरळ चांगला माणूस. मराठीत “माणूस बरा आहे” म्हटलं की समोरचा विचारतो, “बरा म्हणजे कसा?” तुमच्याकडे हा शब्द चांगल्यावरून जेमतेमवर आला. तब्येत ‘बरी’, पगार ‘बरा’. म्हणूनच मला वाटतं, मराठीतलं ‘बरं’ हा अर्ध्या मनाचा होकार आहे. पण होकार आहेच.

पाटीपेन्सिल: ‘बरोबर’बद्दलची माझी चूक मान्य. पण मग “बरं, पुढे?” याचं काय? गोष्ट ऐकताना दहा वेळा ‘बरं’ म्हणतो, तेव्हा कुठे काय कबूल करतो?

माजघर: तिथे कुणी काही मागत नसतं. भावाने तुमच्याकडे काहीतरी मागितलं होतं. मागण्याला ‘बरं’ म्हटलं की ठरलं. नको असेल तर “बघू” म्हणायची सोय आपल्या भाषेत आहे की! तुमचं ‘बरं’ ऐकून भाऊ पुढे काय बोलला?

पाटीपेन्सिल: मूर्ती किती फुटांची घ्यायची ते.

माजघर: म्हणजे त्याने ते ठरलं असंच धरलं, आणि तुम्हीही तेव्हा अडवलं नाहीत. निम्मा खर्च द्या.