पुदिन्याच्या चहाने पोट हलके होते, पण छातीत जळजळ का वाढते?

जिज्ञासू :
रात्रीच्या जेवणानंतर माझे पोट फुगते आणि अधूनमधून कळही येते, म्हणून गेले तीन आठवडे मी झोपण्यापूर्वी पुदिन्याचा चहा घेत आहे. फुगणे आणि कळ बरीच कमी झाली; मात्र पूर्वी क्वचितच होणारी छातीतली जळजळ आता आडवे होताच सुरू होते. या दोन्हींचा संबंध असू शकतो का? एका परिचितांनी पुदिन्याऐवजी ज्येष्ठमधाचा चहा सुचवला आहे. मला रक्तदाबाची गोळी चालू असल्यामुळे आधी विचारलेले बरे, असे वाटले.

वनस्पतीवेडा :
संबंध असण्याची शक्यता बरीच आहे, आणि गंमत म्हणजे आराम व त्रास या दोन्हींचे मूळ एकच आहे. पुदिन्यातील मेन्थॉल आतड्याच्या स्नायूंचा ताण सैल करते, त्यामुळे कळ थांबते आणि कोंडलेला वायू पुढे सरकतो. पण अन्ननलिका जठराला जिथे मिळते तिथला झडपेसारखा स्नायूही त्याने सैलावतो, आणि आपण लगेच आडवे झालात की आम्ल वर यायला वाट मोकळी होते. पुदिन्याच्या गुणांविषयी जे संशोधन वारंवार सांगितले जाते, ते बहुतांशी आतड्यात पोहोचल्यावरच विरघळणाऱ्या तेलाच्या कॅप्सूलवर झालेले आहे, ही गोष्ट सहसा सांगितली जात नाही. कपातल्या चहाला ते निष्कर्ष जसेच्या तसे लावता येत नाहीत. चहा घ्यायचाच असेल तर दुपारच्या जेवणानंतर घ्यावा, किंवा बडीशेप वापरून पाहावी. आले मळमळीवर अधिक उपयोगी आहे. ते कडक झाले तर स्वतःच जळजळ वाढवते.

औषधशास्त्राची विद्यार्थिनी :
ज्येष्ठमधाबाबत मी स्पष्टच सांगते : रक्तदाबाची गोळी चालू असताना तो नियमित घेऊ नये. त्यातील ग्लायसिरायझिन हे द्रव्य, मूत्रपिंडात कॉर्टिसॉल हे संप्रेरक (हार्मोन) निष्क्रिय करणाऱ्या एका विकराला (एन्झाइमला) अडवते. परिणामी शरीरात मीठ व पाणी साठते, पोटॅशियम घटते आणि रक्तदाब चढतो. आपली गोळी लघवी वाढवणारी असेल तर पोटॅशियम आणखी खाली जाऊ शकते. ग्लायसिरायझिन काढून टाकलेला ज्येष्ठमध मिळतो, परंतु मुळाचा तुकडा उकळून केलेला चहा म्हणजे तो नव्हे. कॅमोमाइलच्या फुलांच्या चहाचा विचार असेल, तर शेवंतीच्या कुळातील फुलांची ॲलर्जी असणाऱ्यांनी आणि वॉरफेरिन हे रक्त पातळ ठेवणारे औषध घेणाऱ्यांनी तो टाळावा.

पाककृतीकार :
बडीशेप अख्खी टाकू नका, वापरण्याच्या वेळी हलकी ठेचा, कारण तिचे सुगंधी तेल दाण्याच्या आत असते. उकळते पाणी ओतून कपावर झाकण ठेवा आणि 5 ते 10 मिनिटे मुरू द्या. झाकण नसेल तर तेल वाफेबरोबर उडून जाते आणि आपण केवळ रंगीत पाणी पितो.

जिज्ञासू :
सर्वांचे आभार. ज्येष्ठमधाचा विचार सोडला. बडीशेप आणायला गेलो असताना ‘पचनासाठी’ असे लिहिलेला मिश्र चहाही दिसला. घटकांच्या यादीत बडीशेपेच्या आधी सोनामुखी आहे. तो चालेल का?

औषधशास्त्राची विद्यार्थिनी :
नाही. सोनामुखी हे मोठ्या आतड्याला चेतवणारे रेचक आहे. ते तात्पुरत्या बद्धकोष्ठतेसाठी थोडे दिवस घ्यायचे असते आणि पोटफुगीवर त्याचा उपयोग नाही, उलट मुरडा येऊ शकतो. जुलाब होत राहिले तर पोटॅशियमही घटते, म्हणजे ज्येष्ठमध टाळून आपण त्याच अडचणीत दुसऱ्या दाराने शिराल. नुसती बडीशेप घ्या. चहा बदलूनही जळजळ दोन-तीन आठवडे टिकली, किंवा गिळताना त्रास, काळी शौच, विनाकारण वजन घटणे यांपैकी काही जाणवले, तर मात्र प्रयोग थांबवून डॉक्टरांना दाखवा आणि आतापर्यंत कोणकोणते चहा घेतले तेही त्यांना सांगा.